युजरनेमचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं आणि लॉगिन होत नाही: काय तपासायचं, कुठे बदलायचं

मी एका ज्युनिअर कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. अकरावीचे प्रवेश झाले की प्रत्येक मुलाला कॉलेजच्या पोर्टलचं युजरनेम आणि पासवर्ड छापलेली चिठ्ठी मिळते, आणि पुढचे दोन-तीन आठवडे माझा फोन थांबत नाही. तक्रार एकच असते: "मॅडम, पासवर्ड चुकीचा सांगतंय."

मागच्या वर्षी एका मुलीच्या वडिलांचा संध्याकाळी फोन आला. "चिठ्ठीवरचंच टाकतोय, तरी घेईना." चार वेळा प्रयत्न झाला होता, पाचव्या वेळी खातं अर्ध्या तासासाठी बंद पडलं होतं, आणि विषय निवडायची मुदत त्याच रात्री संपत होती. मी म्हटलं, "काका, पासवर्ड राहू द्या. वरच्या रकान्यात युजरनेम आहे ना, त्याचं पहिलं अक्षर बघा. एस मोठा आहे का लहान?" ते म्हणाले, "मोठा आहे. पण पोरीनं लहानच दाबला होता."

पोरीचं खरं होतं. तिने लहानच दाबला होता, फोनच्या कीबोर्डने तो कॅपिटल केला. पोर्टलच्या लेखी कॅपिटल एसचं नाव म्हणजे वेगळाच माणूस, आणि असा माणूस त्याच्या यादीत नाही.

हा दोष लवकर सापडत नाही याचं कारण स्क्रीनवरच्या वाक्यात आहे. बहुतेक ठिकाणी "युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे" एवढंच लिहून येतं. नेमकं काय चुकलं ते मुद्दाम सांगत नाहीत, कारण "हे युजरनेम अस्तित्वात नाही" असं सांगितलं तर बाहेरच्या माणसाला कोणती नावं खरी आहेत ते एकेक करून शोधता येईल. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण वाचणाऱ्याचं लक्ष पासवर्डवर जातं, कारण युजरनेम डोळ्यासमोर दिसतंय आणि पासवर्ड ठिपक्यांमागे लपलाय. जे दिसतं ते बरोबर असणार असं आपण धरून चालतो. म्हणून माणसं पासवर्ड रिसेट करतात, नवा पासवर्ड टाकतात, आणि तोही चालत नाही.

आधी खात्री करा

फोनमधलं नोट्सचं ॲप उघडा. तिथे युजरनेम चिठ्ठीवर जसं आहे तसं अक्षर-अक्षर लिहा. तिथेही पहिलं अक्षर मोठं होईल, ते खोडून हाताने लहान करा. मग ते कॉपी करून लॉगिनच्या रकान्यात पेस्ट करा. पेस्ट केलेल्या मजकुरातली अक्षरं कीबोर्ड मोठी-लहान करत नाही. अशा प्रकारे लॉगिन झालं, तर दोष कीबोर्डचा आहे हे नक्की, आणि पासवर्ड बदलायची गरज नाही. खातं आधीच बंद पडलेलं असेल तर ते पुन्हा उघडेपर्यंत थांबा, नाहीतर बरोबर नावही नाकारलं जाईल आणि निष्कर्ष चुकेल.

तपासताना रकान्यात उमटलेलं अक्षर बघा, कीबोर्डच्या बटणांवरचं नाही. आयफोनवर २०१५ साली आलेल्या आयओएस ९ पर्यंत बटणांवरची अक्षरं कायम कॅपिटलच दिसायची, शिफ्ट चालू असो वा नसो. आता ती शिफ्टप्रमाणे बदलतात, पण ॲक्सेसिबिलिटीमधली 'शो लोअरकेस कीज' ही सोय बंद असेल तर आजही जुनाच प्रकार दिसतो.

फोनवर हे समजावताना शब्दांचाही घोळ होतो. देवनागरीत अक्षराला मोठं आणि लहान अशी दोन रूपं नाहीत. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून क चं बटण दाबलं की ख मिळतो, म्हणजे शिफ्टने अक्षरच बदलतं. त्यामुळे "मोठं अक्षर" म्हटलं की काही पालक फॉन्टचा आकार बघू लागतात. जुन्या शाळेत शिकलेल्या आजोबांना मी "पहिल्या लिपीतला एस नको, दुसऱ्या लिपीतला हवा" असं सांगते. ते लगेच कळतं.

घाई असेल तर तात्पुरता मार्ग असा. युजरनेमच्या रकान्यात बोट टेकवल्यावर कीबोर्डवरचा वरच्या दिशेचा बाण, म्हणजे शिफ्ट, उजळलेला दिसेल. टाइप करण्याआधी तो एकदा दाबून विझवा. अक्षर खोडून रकाना रिकामा झाला की बाण बहुतेक वेळा पुन्हा उजळतो, त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नातही तो विझवावा लागतो. मुलं इथेच फसतात: मोठं अक्षर दिसलं, खोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा मोठंच.

कीबोर्डमध्ये कायमचं बंद करायचं असेल तर

आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड असं जा आणि 'ऑटो-कॅपिटलायझेशन' बंद करा. आयपॅडला बाहेरचा कीबोर्ड जोडत असाल तर त्याची सोय वेगळी असते: कीबोर्ड जोडलेला असताना त्याच पानावर 'हार्डवेअर कीबोर्ड' दिसतं, त्याच्या आत स्वतंत्र बटण आहे. एक बंद केलं म्हणजे दुसरं बंद होत नाही.

अँड्रॉइडवर आधी आपला कीबोर्ड कोणता ते पाहावं लागतं. गूगलचा जीबोर्ड असेल तर कीबोर्डवरचं दातेरी चाकाचं चिन्ह दाबा (ते दिसत नसेल तर चार चौकोनांच्या चिन्हाच्या आत असतं), 'टेक्स्ट करेक्शन' उघडा आणि तिथलं 'ऑटो-कॅपिटलायझेशन' बंद करा. सॅमसंगच्या फोनवर सहसा त्यांचा स्वतःचा कीबोर्ड असतो. त्यासाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये जनरल मॅनेजमेंट, मग सॅमसंग कीबोर्ड सेटिंग्ज, आणि तिथे 'ऑटो कॅपिटलाइज'. स्विफ्टकी वापरणाऱ्यांना हीच सोय त्या ॲपच्या 'टायपिंग' भागात सापडेल.

विंडोजवर साध्या कीबोर्डने हा त्रास होत नाही. तिथे बहुतेकदा कॅप्स लॉक दाबलेलं राहिलेलं असतं. स्पर्शाच्या पडद्यावर उमटणारा कीबोर्ड वापरत असाल तर मात्र सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग इथे टच कीबोर्डच्या खाली वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करण्याची सोय आहे, ती काढा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, टेक्स्ट इनपुटसमोरचं 'एडिट', आणि तिथे शब्द आपोआप कॅपिटल करण्याचं बटण.

यातलं काहीही बंद केलं की ते सगळीकडे बंद होतं. व्हॉट्सॲपवर इंग्रजीत लिहिताना, ईमेल लिहिताना प्रत्येक वाक्याची सुरुवात हाताने मोठी करावी लागेल. एका पोर्टलसाठी एवढी किंमत द्यावी असं मला वाटत नाही. ज्यांना रोज असं लॉगिन करावं लागतं त्यांनी जरूर बंद करावं, बाकीच्यांनी बाण विझवावा.

बंद केलं, तरी होतंय

ही तक्रारही दर वर्षी येते, आणि तिची कारणं निराळी असतात.

युजरनेम म्हणजे नुसतं नाव असेल, त्यात आकडे नसतील, तर ऑटो-करेक्ट, म्हणजे शब्द आपोआप दुरुस्त करणारी कीबोर्डची सोय, त्याला विशेषनाम समजते. 'सुनीता' सगळी अक्षरं लहान ठेवून इंग्रजीत लिहिलं आणि स्पेस दाबली, किंवा वर सुचवलेल्या शब्दावर बोट टेकवलं, की पहिलं अक्षर मोठं होतं. हे कॅपिटलायझेशनचं काम नाही, शब्दसंग्रहाचं आहे, म्हणून आधीचं बटण बंद करून फरक पडत नाही. शेवटचं अक्षर दाबलं की स्पेस न दाबता थेट पुढच्या रकान्यात जा. सुचवलेला शब्द निवडला की त्यामागे एक स्पेसही चिकटते. ती दिसत नाही, आणि काही पोर्टलं ती नावाचाच भाग समजतात. एका मुलाचं लॉगिन आठवडाभर होत नव्हतं, ते त्या एका रिकाम्या जागेमुळे.

दुसरं कारण म्हणजे साठवलेलं नाव. फोनने एकदा चुकीचं, कॅपिटल असलेलं नाव जपून ठेवलं की तो दर वेळी तेच भरतो, तुम्ही कीबोर्डला हातही लावत नाही. क्रोममध्ये गूगल पासवर्ड मॅनेजर उघडून त्या साइटची नोंद दुरुस्त करा. आयफोनवर आयओएस १८ पासून पासवर्ड्स नावाचं वेगळं ॲप आहे, त्याआधीच्या फोनवर ही यादी सेटिंग्जमध्येच होती. एकाच साइटच्या दोन नोंदी असू शकतात, एक मोठ्या अक्षराची आणि एक लहान. चुकीची काढून टाका.

तिसरं कारण मला सर्वांत उशिरा कळलं. पासवर्डच्या ठिपक्यांच्या रकान्यात कीबोर्ड कधीच आपोआप कॅपिटल करत नाही, तसा नियमच आहे. पण त्या रकान्याशेजारी डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबून पासवर्ड उघडा केला की पुष्कळ फॉर्ममध्ये तो रकाना आतून साध्या मजकुराचा होतो, आणि साध्या मजकुराला कीबोर्डचे सगळे नियम लागू होतात. म्हणजे नीट दिसावं म्हणून डोळा उघडून टाइप करायला घेतलं, आणि पासवर्डचंच पहिलं अक्षर मोठं झालं. काळजी घेणाऱ्यालाच हा फटका बसतो. म्हणून आधी ठिपक्यांमध्ये टाइप करा, मग डोळा उघडून तपासा.

चिठ्ठीच चुकलेली असली तर

दोन वर्षांपूर्वी एका तुकडीतली जवळजवळ सगळी मुलं अडकली. सगळ्यांचे फोन एकदम बिघडणं शक्य नव्हतं. मी चिठ्ठ्या मागवून पाहिल्या तर छापलेल्या प्रत्येक युजरनेमचं पहिलं अक्षर कॅपिटल होतं. ऑफिसमधल्या ताईंनी यादी वर्डमध्ये, टेबल करून टाइप केली होती. वर्डमध्ये टेबलच्या प्रत्येक चौकोनातलं पहिलं अक्षर मोठं करण्याची सोय मुळातच चालू असते. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स' इथे ती बंद करता येते. नुसतं एखादं अक्षर बदललं असेल तर त्याच क्षणी कंट्रोल आणि झेड दाबलं की ते परत लहान होतं. गूगल डॉक्समध्ये हीच सोय टूल्समधल्या प्रेफरन्सेसमध्ये असते.

ताईंची यात काही चूक नव्हती. त्यांनी बरोबर टाइप केलं होतं. आता आम्ही नावांची यादी पोर्टलमधून थेट उतरवून घेतो, हाताने टाइप करतच नाही.

व्हॉट्सॲपवर युजरनेम पाठवतानाही हेच होतं. मेसेजची सुरुवातच युजरनेमने केली तर पहिलं अक्षर मोठं जातं. वाक्याच्या शेवटी लिहिलं तर पुढचा पूर्णविराम कॉपीत येतो. युजरनेम वेगळ्या मेसेजमध्ये, एकटंच पाठवा आणि पाठवण्याआधी एकदा बघा.

काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी का नाही

मुलं विचारतात, "जीमेलला कसंही टाकलं तरी चालतं की." खरं आहे. जीमेल मोठ्या-लहान अक्षरांत भेद करत नाही. विंडोजचं युजरनेमही करत नाही. इन्स्टाग्रामवर तर सगळी नावं लहान अक्षरांतच असतात. रोज याच गोष्टी वापरणाऱ्या माणसाला पहिलं अक्षर बघायची सवय लागण्याचं कारणच उरत नाही.

लिनक्स या संगणक प्रणालीत मात्र कॅपिटल एसचं नाव आणि लहान एसचं नाव हे दोन वेगळे वापरकर्ते असतात. ती शिस्त युनिक्स या तिच्याआधीच्या प्रणालीपासून आली. त्या काळची एक गोष्ट मला फार आवडते. १९६३ साली आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्रावर लहान अक्षरंच नव्हती. त्यामुळे जुन्या युनिक्सवर कोणी लॉगिनचं नाव पूर्ण कॅपिटलमध्ये टाकलं, तर युनिक्स समजून घ्यायचं की या माणसाच्या कीबोर्डवर लहान अक्षरं नाहीत, आणि पुढचं सगळं ते स्वतःच लहानात बदलून घ्यायचं. समोरच्याच्या साधनाची मर्यादा ओळखून सर्व्हरने जुळवून घेणं तेव्हा सुचलं होतं.

आमच्या पोर्टलला आधी हा त्रास नव्हता. ते नव्या सर्व्हरवर हलवलं तेव्हा सुरू झाला. जुन्या ठिकाणी मायएसक्यूएल हा डेटाबेस होता, जो सर्वसाधारण मांडणीत नावं जुळवताना मोठं-लहान बघत नाही. नवा पोस्टग्रेसक्यूएल बघतो. पानाचं रूप तेच, रकाने तेच, पण आत जुळवणी कडक झाली. तुमच्याकडेही "कालपर्यंत चालत होतं" अशी तक्रार एकदम वाढली असेल, तर असा काही बदल झालाय का ते आधी विचारा.

पोर्टल किंवा ॲप बनवणाऱ्यांसाठी

मुलांना "नीट टाका" असं सांगून हा प्रश्न सुटत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. हजार घरांतले हजार फोन बदलण्यापेक्षा फॉर्ममध्ये एक ओळ बदलणं सोपं आहे, आणि ते काम बनवणाऱ्याचंच आहे.

वेबपानावरच्या युजरनेमच्या रकान्याला 'ऑटोकॅपिटलाइज' हा गुणधर्म द्या आणि त्याची किंमत 'ऑफ' ठेवा. हा गुणधर्म आधी ॲपलने आणला, २०१५ मध्ये अँड्रॉइडवरच्या क्रोमने स्वीकारला आणि आता तो एचटीएमएलच्या अधिकृत प्रमाणात आहे. त्याच रकान्यावर 'स्पेलचेक' बंद करा आणि सफारीसाठी 'ऑटोकरेक्ट'ही बंद करा, म्हणजे विशेषनामाचा घोळ टळेल. डोळ्याचं चिन्ह असलेल्या पासवर्डच्या रकान्यालाही हेच द्यायला विसरू नका. रकाना ईमेलचा असेल तर त्याचा प्रकार 'ईमेल' ठेवा, तिथे कीबोर्ड आपोआप कॅपिटल करत नाही.

सीएसएसमधून अक्षरं लहान दाखवण्याचा मोह टाळा. त्याने रकान्यात लहान अक्षर दिसतं, सर्व्हरकडे मात्र टाइप झालेलं मोठंच जातं. मग वापरणाऱ्याने कितीही निरखून पाहिलं तरी त्याला चूक दिसणार नाही. मी वर सांगितलेली सगळी तपासणी तिथे निकामी ठरते.

ॲप असेल तर कशात बनवलंय त्यावर गोष्ट अवलंबून आहे. रिॲक्ट नेटिव्हमध्ये मजकुराचा रकाना मुळातच वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतो, ते तुम्हाला बंद करावं लागतं. फ्लटरमध्ये मुळातच बंद असतं. आयफोनच्या मूळ रकान्यातही ते चालू असतं. "अँड्रॉइडवर चालतं, आयफोनवर नाही" अशा तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

आणि सर्व्हरवर, आलेल्या युजरनेमच्या पुढची-मागची रिकामी जागा काढा आणि जुळवण्याआधी ते लहान अक्षरांत आणा. पासवर्डला मात्र हात लावू नका. हे करण्याआधी एक गोष्ट तपासाच: केवळ मोठ्या-लहान अक्षराने वेगळी असलेली दोन खाती आधीपासून आहेत का. असतील तर दोघांची गल्लत होईल. आमच्या यादीत अशा तीन जोड्या निघाल्या. त्यांना नवी नावं दिली आणि मग बदल केला.

उलटा प्रकार

ज्यांनी खातं फोनवरच उघडलं आणि युजरनेम स्वतः निवडलं, त्यांच्या बाबतीत कीबोर्डने तेव्हाच पहिलं अक्षर मोठं केलेलं असू शकतं, आणि ते तसंच नोंदलं गेलं असेल. अशा माणसाचं फोनवर नीट चालतं आणि सायबर कॅफेत किंवा लॅबमधल्या कॉम्प्युटरवर चालत नाही. त्याने फोनमधलं ऑटो-कॅपिटलायझेशन बंद केलं तर फोनवरचंही लॉगिन बंद पडेल. त्यामुळे सेटिंगला हात लावण्याआधी नोंदणीच्या वेळी आलेला ईमेल किंवा मेसेज उघडा आणि त्यात नाव कसं लिहिलंय ते पाहा.

विकिपीडियाचं उदाहरण याहून वेगळं. तिथे, मराठी विकिपीडियावरही, रोमन लिपीतल्या सदस्यनावाचं पहिलं अक्षर प्रणाली स्वतःच मोठं करते, त्यामुळे तुम्ही ते कसंही टाका. पुढच्या अक्षरांत मात्र मोठं-लहान काटेकोर लागतं.

नोट्समधून पेस्ट केलेलं, नोंदणीच्या ईमेलशी अक्षरन् अक्षर जुळणारं, मागे स्पेस नसलेलं युजरनेमही नाकारलं गेलं, तर मग दोष पासवर्डचा आहे. तेव्हा रिसेट मागा. आणि नवा पासवर्ड ठरवताना डोळ्याचं चिन्ह बंद ठेवा, म्हणजे नव्या पासवर्डात नको असलेलं कॅपिटल शिरणार नाही.